केस मोजले, दम कोण मोजणार?

2025च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस पुंजक्यांनी गळू लागले. टक्कल दिसते, त्याचा फोटो निघतो, बातमी होते. पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले. आयसीएमआरचे पथक गावात उतरले. योग्यच झाले. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चुलीपुढे तीस-तीस वर्षे काढलेल्या बायांचा दम किती उरलाय, हे पाहायला असे पथक आल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. दमही गळतो, फक्त त्याचे पुंजके सकाळी उशीवर सापडत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मेहकरकडच्या एका शिबिरात बसलो होतो. पन्नाशीची बाई. बिडी-तंबाखूशी संबंध नाही. स्वयंपाक आयुष्यभर पऱ्हाटी आणि तुराट्यांवर. "दम लागते थोडा, वय झालं ना आता." नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. "फुंका, फुंका, अजून फुंका!" पहिल्यांदा तिला हसू फुटले, दुसऱ्यांदा खोकला आला, तिसरी फुंकर जमली. पडद्यावरची रेघ वर चढली आणि उतरताना मध्येच पोटात गेली. डॉक्टरांनी त्या खळगीवर पेनाचे टोक ठेवले. आकुंचन पावलेल्या श्वासनळ्यांची ती खूण.

या चाचणीचे गणित सोपे आहे. एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली? औषधाचा पफ देऊनही हे प्रमाण 0.70च्या खाली राहिले आणि लक्षणे, धुराचा इतिहास जुळला, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार. फुफ्फुसाची शिल्लक मोठी असते, म्हणून बरेच नुकसान होईपर्यंत माणूस 'वय झालं' म्हणत शेतात जात राहतो. 2016च्या अंदाजानुसार देशात असे साडेपाच कोटी रुग्ण होते, आणि या आजाराच्या ओझ्यात तंबाखूपेक्षा घरातल्या-बाहेरच्या प्रदूषित हवेचा वाटा मोठा होता.

फुंकर मोजण्याची ही कल्पना जुनीच. 1846 साली लंडनच्या जॉन हचिन्सनने दोन हजारांवर माणसांना आपल्या यंत्रात फुंकायला लावले. एका दमात किती हवा बाहेर पडते, या आकड्यावरून आयुष्याचा अंदाज बांधता येईल, विमा कंपन्यांना तो उपयोगी पडेल, असे त्याला वाटत होते. त्याचे पुरते चुकले नव्हते. पण 1977मध्ये फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनच्या कामगारांचा अभ्यास मांडला, त्यातली गोष्ट अधिक कामाची: गेलेला दम परत येत नाही, मात्र विडी सुटली की पुढची घसरण बहुधा इतरांइतकीच मंदावते. म्हणजे सुरुवातीचा आकडा हा निकाल नव्हे, पेरणीआधीचा अंदाज आहे. अजून हातात काही आहे.

2015च्या एका मोठ्या अभ्यासाने त्यात भर घातली. सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची घसरण वेगाने झालीच नव्हती. त्यांची फुफ्फुसे तरुणपणीच तोकडी होती. आईच्या मांडीवर बसून चुलीचा धूर घेणारे लेकरू कुठून सुरुवात करते, याचा विचार करा.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. त्यात धाप लागते का, स्वयंपाक कशावर होतो, हेही विचारलेले असते. प्रश्न कागदावर आहे, पुढची फुंकर नाही. बीपी आणि शुगरची तपासणी खेड्यात पोचली. दमाचा आकडा हवा तर बहुतेकांना शहर गाठावे लागते. माझी मागणी लहान आहे: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक यंत्र, ते नीट चालवायला शिकवलेला एक माणूस, आणि बाजाराच्या दिवशी दोन तास. शिकवलेला माणूस मुद्दाम म्हणतो. अर्धवट फुंकरीचा आकडा निरोग्याला रोगी ठरवू शकतो.

त्या बाईला डॉक्टरांनी पंप लिहून दिला आणि चूल बंद करायला सांगितले. ती म्हणाली, "उज्ज्वलाचा गॅस हाये घरी. भरून आणाले पैसे लागते." डॉक्टर गप्प झाले. यंत्र आले तरी हे उत्तर त्याच्या पडद्यावर दिसणार नाही. पण निदान प्रश्न किती लिटरचा आहे, ते तरी दिसेल.