विश्लेषण : पंप बंद, ऊन चालू! शेतातली सौर वीज वाया का जाते?

एक आठवडा दिवसा वीज, पुढचा आठवडा रात्री. वर्धा जिल्ह्यातल्या ओलिताचे वेळापत्रक वर्षानुवर्षे असेच चालत आले. रात्रपाळी आली की हरभरा-गव्हाला पाणी द्यायला अंधारात शेत गाठायचे, त्यात साप आणि रानडुकरांची भीती. सौर कृषिपंपाने ही पायपीट थांबते. मात्र ओलित संपल्यावर त्याच पॅनलची वीज कोणाच्याच कामी येत नाही.

योजना काय आहे?

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ पासून आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ पासून सुरू आहे. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो.

पवनचक्की का नाही?

वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ऊर्जा निम्मी नव्हे, एक अष्टमांश उरते. म्हणून राज्यातल्या पवनचक्क्या साताऱ्याचे पठार, सांगली, धुळे अशा वाऱ्याच्या पट्ट्यांत दिसतात. त्यातही वाऱ्याचा जोर पावसाळ्यात असतो आणि ओलिताची गरज त्यानंतर. वर्ध्याच्या सपाट शिवारात ऊन हाच भरवशाचा स्रोत.

किती वीज वाया जाते?

५ अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ५ किलोवॉटचे पॅनल लागतात. स्वच्छ उन्हात ते दिवसाला २० युनिटच्या आसपास वीज देतात. कापूस, तूर, सोयाबीन मुख्यतः पावसावर. त्यामुळे पंप वर्षात १५० दिवस बंद राहिला असे धरले, तर हिशेब ३,००० युनिटचा होतो. ढगाळ दिवस वजा केले तरी २,००० युनिट कुठे गेले नाहीत. हा पंप महावितरणच्या वाहिनीला जोडलेला नसतो, त्यामुळे उरलेली वीज विकताही येत नाही.

मग उपाय काय?

‘युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर’ नावाचे उपकरण. पॅनलची वीज पंपाऐवजी पिठाची गिरणी, कडबाकुट्टी अशा यंत्रांकडे वळवता येते. पीएम-कुसुममध्येही त्याला मान्यता आहे. अडचण तंत्राची नाही, माहितीची आहे. अर्ज भरताना बहुतेकांचे लक्ष पंपाच्या अश्वशक्तीवर असते, कंट्रोलरवर नाही.

जमीन भाड्याने देणे परवडेल?

‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मध्ये वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे असून त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. पडीक, मुरमाड जमिनीसाठी हा व्यवहार चांगला. पण करार दीर्घ मुदतीचा असतो, म्हणून काळ्या कसदार रानाचा निर्णय घाईने घेऊ नये. शिवाय भाडे मिळते ते जमीनमालकाला. त्या रानात निंदण-वेचणी करणाऱ्या मजुराच्या हाती काही पडत नाही. गावात तूरडाळ भरडली गेली, तर काम आणि पैसा दोन्ही गावात राहतात.

वर्ध्याला हा विचार नवा नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये इथेच, मगनवाडीत उभा राहिला. जे. सी. कुमारप्पा यांनी तिथून गावच्या मालावर गावातच प्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. आज त्याच शहरातल्या एमगिरी संस्थेने सौर चरख्यावर काम केले आहे. त्या काळी गावात वीज नव्हती. आता ती बांधावर तयार होते आणि तशीच वाया जाते. पंपाच्या अर्जातच कंट्रोलरचा पर्याय ठळक अक्षरांत द्यावा आणि गिरणीसाठी बचत गटांना कर्ज मिळवून द्यावे. अनुदान सरकार देतेच आहे. त्यातून फक्त पाणी नव्हे, वर्षभराचा रोजगारही निघायला हवा.