जाळी कोणी धुवायची?

डिशवॉशर घेतलेल्या घरांतून हल्ली एक तक्रार नेहमी ऐकू येते. पहिले काही महिने भांडी आरशासारखी निघत होती. आता ग्लासांवर चिकट थर राहतो, रकाबीच्या काठाला जिरे चिकटलेले दिसते, दार उघडले की कुबट वास येतो. मग ठरलेला निकाल दिला जातो : हे यंत्र परदेशी जेवणासाठी आहे, आपल्या सालनापुढे त्याचे काही चालत नाही. यंत्राचे कपाट होते. त्यात जास्तीचे डबे ठेवले जातात आणि घरातली सून किंवा सासू पुन्हा सिंकपाशी उभी राहते. आमचे म्हणणे एवढेच, की निकाल देण्याआधी यंत्राच्या तळातली जाळी एकदा बाहेर काढून पाहावी.

जाळी इतकी महत्त्वाची का, हे यंत्र कसे चालते ते पाहिले की कळते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर आले. घासायचे नाही, भांडी तारेच्या कप्प्यांत उभी करायची आणि त्यांवर पाण्याचा मारा करायचा, ही त्यांची युक्ती. आजचे यंत्रही तेच करते. पुष्कळांना वाटते की ते सतत नवे पाणी घेते. तसे नाही. एका धुण्याला साधारण दहा-बारा लिटर पाणी लागते, तेही टप्प्याटप्प्याने. एका टप्प्यात तीन-चार लिटर पाणी तळाशी जमते, पंप ते वर फेकतो, फिरत्या पात्यांच्या भोकांतून ते भांड्यांवर आदळते, खाली येते, जाळीतून गाळले जाते आणि तेच पाणी पुन्हा वर जाते. म्हणजे जाळी बुजली की दोन गोष्टी होतात. पंपाला पुरेसे पाणी मिळत नाही, त्यामुळे मारा मंदावतो. आणि साचलेले खरकटे त्याच पाण्यात भिजून, विरघळून, बारीक होऊन परत भांड्यांवर बसते. वर्गात सांगायचे तर चहाच्या गाळणीचे उदाहरण पुरे. चोथा झटकला नाही तर दुसरा कप उतरतच नाही.

आता आपल्या दस्तरखानावर काय काय असते ते आठवा. बिर्याणीची शिते, लवंग, वेलचीची साले, तमालपत्राचे तुकडे, हाडाचे कपचे, खजुराची बी. कोकणातल्या घरांत माशाचे काटे आणि खोबऱ्याचा कीस. शिवाय पाया आणि निहारीची चरबी, जी थंड झाली की मेणासारखी थिजते आणि जाळीची बारीक भोके आतून लिंपून टाकते. शिते तरी डोळ्यांना दिसतात, हा थर दिसत नाही. जाळी उजेडासमोर धरून आरपार पाहावे. उजेड ठिपक्या-ठिपक्यांनी दिसला तर ठीक. धुरकट दिसला तर ती बुजली आहे.

काढण्याचे काम अवघड नाही. यंत्र थंड होऊ द्यावे आणि बटण बंद करावे. खालचा ट्रे पूर्ण बाहेर ओढून घ्यावा. तळाशी मधोमध किंवा जरा मागे एक नळकांडे दिसते. बहुतेक यंत्रांत ते डावीकडे फिरवले की सुटते आणि वर उचलता येते. त्याच्या पोटात दुसरी बारीक जाळी असते आणि खाली चपटी पत्र्याची. तिन्ही वेगळ्या कराव्यात. आतले खरकटे आधी कचऱ्यात झटकावे, सिंकमध्ये नको, नाहीतर उद्या सिंक तुंबायचे. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना मऊ टूथब्रश. धार बाहेरून आत सोडावी, म्हणजे अडकलेले कण आले त्या वाटेने मागे फिरतात. ओशटपणा जात नसेल तर साबणाच्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावे. तारेची घासणी मात्र अजिबात नको. बारीक जाळी एकदा फाटली की नवीच आणावी लागते.

जाळी बाहेर असताना खालच्या खळग्यातही पाहावे. तिथे थोडे पाणी उरलेले असणे हा बिघाड नव्हे. ते स्पंजने टिपून घ्यावे, पण हात घालण्याआधी रबरी हातमोजा चढवावा. फुटलेल्या ग्लासाची काच तिथेच जाऊन बसते. दाराच्या खालच्या कडेचे रबरही पुसावे. अर्धा वास तिथला असतो. पात्यांच्या भोकांत लिंबाची बी किंवा शीत अडकले असेल तर टूथपिकने काढावे.

बसवताना घाई करू नये. नळकांडे उजवीकडे फिरवून घट्ट बसल्याची खात्री करावी. सैल राहिले तर खरकटे बाजूने थेट पंपात शिरते, आणि तो खर्च मोठा असतो. "एक दिवस जाळीशिवाय चालवून घेऊ" हा विचार तर मनातही आणू नये.

काही जणी वास जावा म्हणून ब्लीच ओततात. त्याने स्टीलवर डाग पडतात. आणि ब्लीचमध्ये सिरका मिसळला गेला तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात हा खेळ नको.

ग्लासांवर पांढरा थर असेल तर मात्र जाळीला लगेच दोष देऊ नये. लिंबाची फोड चोळून पाहावी. थर निघाला तर तो पाण्यातल्या क्षारांचा आहे. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे फार. तिथे यंत्राच्या मिठाच्या कप्प्यात डिशवॉशरचे जाडे मीठ भरावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण ते मोकळे राहावे म्हणून त्यात घातलेले पदार्थ आत अडकून बसतात. प्लास्टिकच्या डब्यांना हळदीचा पिवळा रंग चढतो, तोही बिघाड नाही. उन्हात ठेवले की फिका पडतो. कलईची देगची आणि लोखंडी तवा यंत्रात घालूच नये.

जाळी किती दिवसांनी धुवावी? रोज एक फेरी चालणाऱ्या घरात आठवड्यातून एकदा. रमजानात इफ्तार आणि सहरी दोन्हीची भांडी पडतात, शिवाय तळणाचा ओशटपणा, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी. ताटे आधी धुण्याची गरज नाही, त्यात पाणी वाया जाते. फक्त खरकटे चमच्याने निपटून टाकावे. आणि कढया-पातेल्यांसाठी असलेली जास्त तापमानाची, पासष्ट-सत्तर अंशांची फेरी आठवड्यात एकदा तरी चालवावी. कायम कमी तापमानावर धुतले तर चरबी वितळण्याऐवजी आतच थर धरते.

आता खरा प्रश्न, हे करायचे कोणी? यंत्र आणताना पुरुष मंडळी पुढे असतात. मॉडेल निवडतात, हप्ता ठरवतात, पाहुण्यांना दाखवतात. पण बुळबुळीत जाळीत हात घालायची वेळ आली की ते काम आपोआप बायकांचे होते. ज्या घरात हे काम कोणाचेच ठरलेले नसते, तिथे यंत्र वर्षभरात कपाट होते, असे आम्ही शेजारीपाजारी पाहिले आहे. शेजारच्या भाभींकडे तर मेकॅनिकने जाळी काढून नळाखाली धरली, परत बसवली आणि भेटीची पूर्ण फी घेऊन गेला. आमच्या घरी रविवारची जाळी नववीतल्या मुलाकडे आहे. सुरुवातीला त्याने नाक मुरडले, आता दहा मिनिटांत उरकतो. अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, हे पटायला वेळ लागला. मुलाने भांड्यांत हात घालावा, हे त्यांना बघवत नव्हते. पण साबणाच्या पाण्याने त्यांच्याच बोटांना वर्षानुवर्षे भेगा पडत आल्या होत्या, म्हणून त्या फार काही बोलल्या नाहीत. आता तो विसरला तर आठवण त्याच करतात.

सुट्टीत गावी जाताना जाळी धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावी, पाण्याचा नळ बंद करावा आणि दार चार बोटे उघडे ठेवावे.