विश्लेषण : बांडगूळ नुसते ओरबाडून का चालत नाही?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यातील दुर्लक्षित आंबा कलमांवर बांडगुळांचे झुबके हमखास दिसतात. मराठीत बांडगूळ म्हणजे ऐतखाऊ. मात्र परोपजीवी वनस्पतींना नुसते ऐतखाऊ समजणे ही चूक आहे. त्यांपैकी काही यजमान झाडाच्या कारभारातच हात घालतात.

संशोधन काय सांगते?

याचा ठोस पुरावा अमरवेलीच्या एका जातीत मिळाला. ही बिनपानांची वेल आपली शोषकमुळे यजमानाच्या खोडात रुतवते. अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की तिथून ती मायक्रोआरएनए नावाचे सूक्ष्म रेणू यजमानात सोडते. जनुक ही प्रथिनाची पाककृती मानली, तर संदेशवाहक आरएनए ही स्वयंपाकघरात धाडलेली चिठ्ठी. अमरवेलीचे रेणू ही चिठ्ठीच फाडतात. जनुक शाबूत राहते, पण त्याचा निरोप पोहोचत नाही. अन्नरसाची गळती रोखण्याशी संबंधित एक जनुकही असे गप्प केले जाते.

बांडगुळाचे काय?

बांडगूळ अमरवेलीच्या कुळातले नाही, त्यामुळे हा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावू नये. त्याची पाने हिरवी असतात. ते स्वतःचे अन्न बनवते, पण पाणी आणि क्षार आंब्याकडून ओढते. दोघांत समान आहे ती शोषकमुळाची घुसखोरी. म्हणूनच वरचा झुबका ओरबाडला, तरी फांदीत उरलेल्या भागातून बांडगूळ पुन्हा फुटते.

उपाय कोणता?

बांडगूळ चिकटलेल्या जागेपासून बुंध्याकडे काही इंच सोडून फांदीच कापावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. हे काम बांडगुळाची फळे पिकण्याआधी व्हायला हवे. फुलटोच्यासारखे पक्षी ही फळे खातात आणि चिकट बिया दुसऱ्या झाडांवर टाकतात. पक्ष्यांना सातबारा ठाऊक नसतो. एकाने बाग साफ केली आणि शेजारची, मालक मुंबईत असलेली बाग तशीच राहिली, तर मेहनत वाया जाते. त्यामुळे बांडगूळ काढणे ही एकट्या बागायतदाराची जबाबदारी न मानता ग्रामपंचायतींनी गावभर एकाच वेळी मोहीम घ्यावी. कृषी विद्यापीठानेही आंबा आणि बांडगुळातील ही जनुकीय झटापट तपासायला हवी. शत्रू आतून काय करतो हे कळले, तरच कोयत्यापलीकडचा उपाय सापडेल.