दगडात कोरलेलं कोडं

बालमित्रांनो, एक कोडं घालू? वहीत इंग्रजी अक्षरांच्या चार ओळी लिहा. पहिलीत व्ही व्ही व्ही, दुसरीत एम डी एम, तिसरीत आर आर आर आणि चौथीत एफ एफ एफ. लागला काही अर्थ? नाही ना? वाईट वाटून घेऊ नका. मोठमोठ्या पंडितांचंही त्यावर अजून एकमत झालेलं नाही!

हे कोडं आहे फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, म्वासाक गावातल्या जुन्या मठात. तिथं चर्चला लागून चौकोनी अंगण आहे आणि त्याच्या चारही बाजूंना खांबांची पडवी. एक खांब सुटा, पुढचा जोडखांब, पुन्हा सुटा, पुन्हा जोड! एका चौकोनी खांबावर लॅटिन भाषेत कोरलंय, की ही पडवी ११०० साली, मठाधिपती अंस्कितिल यांच्या काळात बांधली. त्याच मजकुराखाली आपलं कोडं आहे.

खांबाच्या माथ्यावर, कमानीचा भार पेलणारा जो दगड असतो, त्याला म्हणतात स्तंभशीर्ष. वर रुंद, खाली निमुळतं. इथं अशी ७६ स्तंभशीर्षं आहेत. काहींवर पानं, पक्षी, प्राणी. तर अर्ध्याहून जास्त स्तंभशीर्षांवर बायबलमधल्या किंवा संतांच्या गोष्टी. सिंहांच्या गुहेतला दानिएलसुद्धा तिथं भेटतो. कोरीवकाम चारही बाजूंना, म्हणून गोष्ट पुरी बघायची तर खांबाभोवती फिरायलाच हवं. कित्येक ठिकाणी चित्राजवळ अक्षरंही आहेत. जागा इवलीशी! मग त्या काळचे कारागीर काय करत? शब्द तोडून लिहीत, दोन अक्षरं एकमेकांना जोडत, नाहीतर मोठ्या अक्षराच्या पोटात छोटं अक्षर बसवत.

हा ठेवा नष्टच व्हायचा होता, बरं का. १८५० नंतरच्या दशकात तिथून रेल्वेचा मार्ग आखला गेला. मठाची भोजनशाळा त्यात पाडली गेली. पडवी मात्र वाचवण्यात आली. आजही गाड्या तिच्या अगदी शेजारून जातात. १९९८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या मठाचं नाव आलं.

आता तुमची पाळी. एखादं रिकामं खोकं घ्या. त्याच्या चार बाजूंवर आवडत्या गोष्टीतले चार प्रसंग काढा आणि प्रत्येकावर फक्त एकच शब्द लिहा. मग आईबाबांना खोक्याभोवती फिरायला लावा. त्यांनी गोष्ट बरोबर ओळखली, तर तुम्ही पक्के कारागीर!