राखेतली द्राक्षं
स्पेनच्या लांसारोते बेटावर गेलात तर समुद्रकिनारा एखादा दिवस बाजूला ठेवा. १७३० ते १७३६ या काळात इथली जमीन लाव्हा ओकत होती. गावंच्या गावं गाडली गेली. तिथेच, तिमानफायात, आज जमिनीच्या धगीवर कोंबडी भाजून पर्यटकांना वाढतात. गंमत आहे, पण मला विचाराल तर खरी करामत ला हेरियाच्या शेतकऱ्यांची. काळ्या राखेत खोल खळगा खणायचा, तळाशी एक वेल लावायचा, वाऱ्याच्या बाजूने दगडांचा अर्धगोल बांध घालायचा. राख ओल धरून ठेवते आणि जेमतेम पावसात द्राक्षं पिकतात! सेसार मानरिके या कलावंताने लाव्हाच्या बोगद्यात सजवलेलं हामेओस देल आग्वाही पाहाच. तिथल्या तळ्यात पांढरे, आंधळे, नखाएवढे खेकडे आहेत. पाण्यात नाणी मात्र टाकू नका. धातूने ते मरतात.