आईचे ज्ञान आणि बाळाचा हक्क

वरंध घाटाखालच्या खेड्यांत मूल अशक्त दिसले की दोष आईच्या अज्ञानावर लादला जातो. या आरोपाची उलटतपासणी झाली पाहिजे.

काही रूढी खरोखरच त्याज्य आहेत. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकणे आणि नवजात बाळाला मध चाटविणे घातक होय. जन्मानंतर तासाभरात बाळास पाजावे, सहा महिने पाणीसुद्धा देऊ नये, पुढे अंगावरील दुधासोबत मऊ व दाट अन्न द्यावे, असे शास्त्र सांगते. पेजेच्या पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. परंतु कॅल्शियमयुक्त नाचणीचे सत्त्व हे आमच्या आयाआज्यांचेच ज्ञान आहे, हेही विसरू नये.

मात्र भातलावणीत दिवसभर परक्याच्या शेतात राबणारी माता हे सारे जाणूनही बाळाला वेळेवर पाजणार कशी? १९२८ साली डॉ. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. पण तो कारखान्यांतील स्त्रियांपुरताच होता, शेतमजूर स्त्री बाहेरच राहिली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने मात्र गर्भवतीस, प्रसूतीनंतर सहा महिने मातेस आणि सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकास अंगणवाडीतून विनामूल्य आहाराचा हक्क दिला आहे.

भगिनींनो, हा आहार कुणाची मेहेरबानी नव्हे. १९२७ साली ज्या महाडात पाण्याचा हक्क बजावला गेला, त्याच तालुक्यात बाळाच्या घासाचा हक्कही ताठ मानेने मागा. आणि बांधवांनो, आईला उपदेश करण्यापूर्वी तिला पाजण्यापुरती सवड द्या.