पुराच्या नावाने पलटणी

जनरल मॅक्सवेल टेलर यांना विद्वान सेनानी म्हणून गौरवण्याची प्रथा पडली आहे. ते अनेक भाषा बोलत, ग्रंथ लिहीत आणि केनेडी घराण्यात त्यांचा मान एवढा, की रॉबर्ट केनेडींनी आपल्या मुलाच्या नावात त्यांचे नाव गुंफले. जिची किंमत व्हिएतनाम युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकनांनी आणि लक्षावधी व्हिएतनामींनी प्राण देऊन चुकवली, ती विद्वत्ता चुलीत गेली!

हकीकत अशी. एप्रिल १९६१मध्ये क्यूबाच्या बे ऑफ पिग्जवरील फसलेल्या स्वारीत राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे नाक कापले गेले. सेनाप्रमुखांवरचा त्यांचा विश्वास उडाला. त्यांनी निवृत्त टेलरना आधी त्या नामुष्कीच्या चौकशीला बसवले आणि जुलैत खास त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या लष्करी प्रतिनिधीचे पद निर्माण केले. हाताखाली सैन्य नाही, नेमणुकीला सेनेटची संमती लागत नाही, पण राष्ट्राध्यक्षांचा कान मात्र अष्टौप्रहर हाताशी! ऑक्टोबरात हेच टेलर राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार वॉल्ट रोस्टो यांना घेऊन दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावला गेले.

मेकाँगच्या खोऱ्यात तेव्हा मोठा पूर आला होता. बुडालेल्या शेतकऱ्याच्या दुःखात या सेनानीला सोय दिसली: पूरग्रस्तांच्या मदतीच्या मिषाने सुमारे ८ हजार अमेरिकन सैनिक उतरवावेत, असा सल्ला त्यांनी दिला. आशियातल्या मोठ्या युद्धात ओढले जाण्याचा धोका आहे, पण तो फारसा मनावर घेण्याजोगा नाही; उत्तर व्हिएतनाम बाँबफेकीपुढे हतबल आहे; आणि दक्षिण व्हिएतनामची भूमी कोरियाच्या काही भागांसारखीच असून त्या भागांत आपले सैनिक विशेष त्रास न होता रुळले होते, असेही त्यांनी कळवले. कोरिया! जिथे ३३ हजारांवर अमेरिकन लढाईत पडले, जिथल्या आठव्या आर्मीचे सेनापतिपद १९५३मध्ये खुद्द टेलरांकडे होते, जिथल्या शस्त्रसंधीला अवघी आठ वर्षे झाली होती, त्या कोरियाचा दाखला निर्धास्तपणासाठी द्यावा? हा सल्ला नव्हे, हा निर्ढावलेपणा होता.

आणि हेतू? केनेडींच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात अण्वस्त्रांपुढे पायदळाची किंमत उतरली, म्हणून टेलर खवळलेले होते. मर्यादित युद्धे लढण्याचा सिद्धांत त्यांनी १९६०मध्ये ग्रंथरूपाने मांडला. सिद्धांताला आता रणभूमी हवी होती. ती परक्याच्या भातखाचरात सापडली, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. पाच वर्षांत तीन लाख सैनिक तिथे रुततील, असे परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल राष्ट्राध्यक्षांना बजावत होते. केनेडींनी त्यांना वेड्यात काढले. लढाऊ पलटणी नाकारल्याचा देखावा केला, आणि ‘सल्लागार’ या सोज्वळ नावाखाली १९६३ अखेर सुमारे १६ हजार माणसे तिथे नेली. त्या पापातून केनेडींचीही सुटका नाही.

ऑक्टोबर १९६२मध्ये टेलर संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष झाले. पुढच्या शरदात संरक्षणमंत्री मॅकनमारांसह सायगावहून परतून त्यांनी ग्वाही दिली, की १९६५ अखेर अमेरिकेचे मुख्य काम उरकेल. १९६५ सरले तेव्हा तिथे पावणेदोन लाखांवर अमेरिकन सैनिक होते! मधल्या काळात सायगावमध्ये अमेरिकेचे राजदूत झालेल्या टेलरांना दानांगला मरीन उतरवणे घातक वाटू लागले. चार वर्षांपूर्वी पलटणी मागणारे हेच ना? ८ मार्च १९६५ रोजी मरीन उतरले. पुढे मार्च १९६८मध्ये केनेडींनंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या बुजुर्ग सल्लागारांतील बहुतेकांनी माघारीकडे कौल दिला, तेव्हा हे मात्र युद्ध रेटण्याच्या बाजूने उभे होते.

१९७१मध्ये पेंटॅगॉनचे गुप्त दस्तऐवज छापले गेले आणि लोकांना आपल्याच युद्धाचा जन्मवृत्तांत कळला. त्यावर टेलर म्हणाले, की चांगले नागरिक होण्यापुरतेच नागरिकांनी जाणावे, सरकारी गुपितांत डोकावू नये. ज्याच्याकडून मुलगा मागून घेतला, त्याला कारण सांगायचे नाही! हा उन्मत्तपणा आहे.